जागा तीन वर्षांची, सभासद एका महिन्याचा

आपला प्रश्न थोडक्यात असा: बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेताना हाती आलेल्या ४० लाखांपैकी डिपॉझिटचे ९ आणि फर्निचरचे १८, असे २७ लाख घालून मुंबईतल्या मरोळच्या १,५०० चौरस फुटांच्या गाळ्यात ३४ खुर्च्यांचे को-वर्किंग ऑफिस, म्हणजे खुर्च्या महिन्याच्या भाड्याने देण्याचे सामाईक कार्यालय, काढावे का? आज ठरलेल्या अटींवर काढू नये, असे माझे मत आहे.

खुर्चीमागे ८,५०० रुपये धरून आपण महिन्याची जमा २,८९,००० दाखवली आहे, तर गाळ्याचे दीड लाख भाडे, वीज, दोन माणसांचे पगार, इंटरनेट, साफसफाई, चहा आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून खर्च २,६०,००० धरला आहे. बेरीज बरोबर आहे, मात्र तिच्यात एकही खुर्ची रिकामी नाही. नुसता खर्च निघायलाच ३१ खुर्च्या भराव्या लागतात. वीसच भरल्या, तर दरमहा ९०,००० रुपये पदरचे जातील आणि शिल्लक राहिलेले १३ लाख चौदा महिन्यांत संपतील.

त्याहून मोठी जोखीम करारात आहे. मालकाने तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार न सोडण्याची अट, मागितला आहे; म्हणजे गाळा चालो वा न चालो, आपण ५४ लाख रुपयांना बांधल्या जाता. खुर्ची घेणारा सभासद मात्र महिन्याच्या नोटिशीवर लॅपटॉप उचलून निघून जाऊ शकतो. वीवर्कसारख्या मोठ्या को-वर्किंग कंपनीला नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तेव्हा दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचे ओझे हेच त्यातले एक प्रमुख कारण होते. शिवाय आपण एकल मालकीचा व्यवसाय करणार असल्याने देणे थेट आपल्या घरापर्यंत पोहोचते. निदान एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करावी, आणि मालकाने वैयक्तिक हमी मागितल्यास ती देऊ नये, कारण मग एलएलपी असून नसल्यासारखीच.

जीएसटी आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी अनिवार्य, आणि मग ८,५०० ची खुर्ची १८ टक्क्यांसह १०,०३० ला पडते. कंपन्यांना त्याची वजावट मिळते. पण आपण ज्यांच्यावर भिस्त ठेवली आहे, त्या नोंदणी नसलेल्या फ्रीलान्सरना ती मिळत नाही. त्यांना वरचे १,५३० रुपये निव्वळ भाववाढच वाटणार.

तरीही हौस म्हणून मी हे उडवून लावत नाही, कारण मरोळ नाक्याला दोन मेट्रो मार्ग मिळतात आणि जागेची निवड चांगली आहे. मालकाशी पुन्हा बोलावे. लॉक-इन मालकावर तीन वर्षांचा आणि आपल्यावर बारा महिन्यांचाच असावा; फर्निचर होईपर्यंतचे दोन महिने भाडे माफ असावे. लिव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या छापील मसुद्यात पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई असते, तेव्हा खुर्च्या तिसऱ्याला देण्याची आणि सभासदांना जीएसटी नोंदणीसाठी हा पत्ता वापरू देण्याची परवानगी त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. सोसायटीचे ना-हरकत पत्रही आधीच घ्यावे. फर्निचर आधी निम्म्याच जागेत करावे. आणि एकदा दुपारी एक वाजता, लिफ्टसमोर रांग असताना, वरपर्यंत जाऊन यावे; स्वच्छतागृह गाळ्यात आहे की मजल्यावर सामाईक, हेही तेव्हाच पाहावे.

शनिवारी एक लाखाचे टोकन द्यायचे ठरले आहे, असे आपण लिहिता. कराराचा मसुदा हाती येऊन वकिलाच्या नजरेखालून जाईपर्यंत ते देऊ नये, आणि मालक बारा महिन्यांच्या अटीला तयार नसेल, तर हा गाळा सोडून द्यावा.