वाचकांचे प्रश्न : जायबंदी खेळाडूच्या संपत आलेल्या कराराला गिऱ्हाईक का मिळते?

प्रश्न : आमचा सात-आठ जणांचा गट विश्रामबागेत रोज सकाळी बास्केटबॉल खेळतो आणि नंतर चहाच्या गाड्यावर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या गप्पा रंगतात. शस्त्रक्रियेमुळे जो खेळाडू हंगामभर बाकावर बसला आहे आणि ज्याचा करार जूनअखेर संपणार आहे, त्याच्या बदल्यात दुसरा संघ चांगले खेळाडू आणि पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, कसे काय देतो? एक मित्र म्हणतो, हा शुद्ध मूर्खपणा आहे. दुसरा म्हणतो, यात मोठा हिशेब आहे. कृपया निवाडा द्यावा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : निवाडा आपल्या दुसऱ्या मित्राच्या बाजूने द्यावा लागेल, पण पुरता नाही. अशा व्यवहारात घेणारा संघ खेळाडू विकत घेत नसतो, कराराची शेवटची तारीख विकत घेत असतो. एनबीएमध्ये १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. ही मर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरचा मोठा खेळाडू सरळ करारबद्ध करता येत नाही. त्याला अदलाबदलच करावी लागते आणि तीही साधारण तेवढ्याच पगाराची.

आपल्याकडच्या पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. एका सभासदाची कर्जमर्यादा भरली आहे आणि त्याच्या कर्जाचे अजून तीन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. शेजाऱ्याचा हप्ताही तेवढाच आहे, पण त्याचा शेवटचा हप्ता जूनमध्ये फिटतो. दोघांना कर्जे आपसात बदलून घेण्याची मुभा असती, तर ज्याला पावसाळा सरताच घराचे काम काढायचे आहे असा पहिला सभासद शेजाऱ्याला वर चार पैसे देऊनही ही अदलाबदल करील. कोणतीही पतसंस्था अशी मुभा देणार नाही, हे खरे. एनबीए देते, आणि ते वरचे चार पैसे म्हणजेच ड्राफ्ट पिक.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ह्यूस्टन रॉकेट्सचा ट्रेसी मॅकग्रेडी. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या हंगामात तो ह्यूस्टनसाठी जेमतेम सहा सामने खेळला. पगार होता सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर, आणि त्या वर्षी संपूर्ण संघाची मर्यादा होती ५ कोटी ७७ लाख. म्हणजे एकट्या जायबंदी माणसाने मर्यादेचा जवळजवळ ४० टक्के भाग अडवून ठेवला होता. तरीही १८ फेब्रुवारी २०१० रोजी न्यूयॉर्क निक्सने त्याला घेतले, कारण त्या उन्हाळ्यात लीगचा मोठा तारा लेब्रॉन जेम्स याचा करार संपत होता आणि निक्सला त्याच्यासाठी जागा मोकळी करायची होती. या जागेसाठी त्यांनी जॅरेड जेफ्रीजचा आणखी एक वर्ष चालणारा करार ह्यूस्टनच्या गळ्यात घातला, जॉर्डन हिल हा नवखा खेळाडू दिला, २०११ मध्ये पहिल्या फेरीतला निवडीचा क्रमांक न्यूयॉर्कच्या क्रमांकाशी बदलून घेण्याचा हक्क दिला आणि २०१२ चा पहिल्या फेरीचा पिकही दिला. तिसरा संघ सॅक्रॅमेंटोचा होता; त्याने ह्यूस्टनला केव्हिन मार्टिन दिला आणि ह्यूस्टनने आपला कार्ल लँड्री तिकडे पाठवला.

आता हिशेब मांडून पाहू. २०११ मध्ये ह्यूस्टनचा स्वतःचा क्रमांक चौदावा आला आणि न्यूयॉर्कचा त्याहून मागचा, सतरावा, त्यामुळे बदलून घेण्याचा हक्क कागदावरच राहिला. २०१२ च्या पिकवर ह्यूस्टनने सोळाव्या क्रमांकाला रॉयस व्हाइटची निवड केली, आणि तो ह्यूस्टनसाठी मुख्य हंगामातील एकही सामना खेळला नाही. ज्या भविष्यातील ठेवीचे त्या वेळी सर्वाधिक कौतुक झाले, तिचे मोल शेवटी शून्य ठरले. फळाला आला तो केव्हिन मार्टिन. ऑक्टोबर २०१२ मध्ये ह्यूस्टनने जेम्स हार्डनला ओक्लाहोमा सिटीहून आणले, तेव्हा दिलेल्या खेळाडूंमध्ये मार्टिनचा पगार आणि त्याची गुणवत्ता हा मोठा वाटा होता. म्हणून असा व्यवहार पाहताना पिक किती मिळाले हे मोजण्यापेक्षा, हातात आलेली कोणती वस्तू पुढे पुन्हा बाजारात चालेल हे पाहावे, असे माझे मत आहे.

निक्सचे काय झाले, हे आपल्या पहिल्या मित्राला अवश्य सांगावे. जुलै २०१० मध्ये लेब्रॉन मायामीला गेला. मोकळ्या केलेल्या जागेत आमारे स्टॉडमायर आला, पाच वर्षांच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या करारावर. मात्र एवढ्यावरून ती खेळी मूर्खपणाची ठरत नाही, कारण तीच खेळी त्याच माणसासाठी आठ वर्षांनी लॉस एंजेलिस लेकर्सने खेळली आणि जिंकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लेकर्सने जॉर्डन क्लार्कसन आणि लॅरी नान्स ज्युनियर हे दोघे क्लीव्हलँडला देऊन आयझेया थॉमस आणि चॅनिंग फ्राय यांचे त्याच उन्हाळ्यात संपणारे करार घेतले, वर पहिल्या फेरीचा एक पिकही पदरात पाडून घेतला. जुलैमध्ये लेब्रॉन लेकर्सकडे आला, तोही क्लीव्हलँड सोडून. ज्याने जागा मोकळी करून दिली, त्याच्याच घरातला कर्ता माणूस त्या जागेत राहायला गेला! मोकळ्या जागेची किंमत तिथे यायला कोण तयार आहे यावर ठरते, आणि ते फेब्रुवारीत कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

या थॉमसच्याच बाबतीत दुखापत केव्हा आड येते आणि केव्हा येत नाही, हेही दिसते. ऑगस्ट २०१७ मध्ये कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात बोस्टनकडून त्याला घेताना क्लीव्हलँडला तो मैदानात हवा होता. साहजिकच वैद्यकीय तपासणीत त्याच्या खुब्याची दुखापत गंभीर दिसताच व्यवहार अडला आणि बोस्टनने दुसऱ्या फेरीचा एक पिक वाढवून दिल्यावरच तो पुरा झाला. सहा महिन्यांनी लेकर्सने तोच खेळाडू घेतला तेव्हा त्यांच्या दृष्टीने खरे मोल करार उन्हाळ्यात संपण्याला होते, खुब्याला नव्हे.

प्रश्न : यात त्या खेळाडूला कोणी विचारते का? अंगावर टाके असताना एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवणे मला अमानुष वाटते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहुतेक वेळा विचारत नाहीत. संमतीशिवाय पाठवू नये असे कलम करारात घालून घ्यायचे, तर लीगमध्ये आठ वर्षे आणि त्याच संघात चार वर्षे काढलेली असावी लागतात, आणि तसे असूनही ते कलम फार थोड्यांना मिळते. पगार मात्र बुडत नाही. तो नवा संघ देतो. मॅकग्रेडी न्यूयॉर्कच्या पहिल्या सामन्यात २६ गुण करून गेला, तिथे एकूण २४ सामने खेळला आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटने त्याला अगदी किरकोळ पगारावर घेतले. आपल्याला जे अमानुष वाटते ते मलाही खटकते.

प्रश्न : मग अशा खेळाडूला विकावे की करार संपेपर्यंत ठेवावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : त्याच्याशी नवा करार करायचा नाही हे मनाशी पक्के झाले असेल, तर विकावे, कारण करार संपला की हातात फक्त मोकळी जागा उरते, आणि ती भरायला कोणी आले नाही तर तीही वाया जाते. विकताना पिकवरच्या अटी नीट वाचाव्यात. मॅकग्रेडीच्या व्यवहारातला २०१२ चा पिक पहिल्या पाचांत आला असता, तर त्या वर्षी तो न्यूयॉर्ककडेच राहणार होता.

बाजारभावही सदा सारखा नसतो. २०१६ मध्ये नव्या दूरचित्रवाणी करारामुळे मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, तेव्हा बहुतेक संघांकडे जागा आयतीच होती आणि संपणाऱ्या करारांना कोणी विचारीना. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारनाम्याने फार खर्चिक संघांना अनेक खेळाडूंचे पगार एकत्र जोडून मोठा खेळाडू आणण्यास बंदी केल्यापासून, एकट्याच्या नावावर असलेल्या मोठ्या पगाराला पुन्हा वजन आले आहे.

ठेवून काय होते, ते पोर्टलंडने पाहिले आहे. २००८-०९ मध्ये राएफ लाफ्रेंट्झ खांद्याच्या दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. त्याचा सुमारे १ कोटी २७ लाखांचा संपत आलेला करार कोण घेणार, याची चर्चा हंगामभर चालली. पण फेब्रुवारीतली अदलाबदलीची मुदत टळली आणि पोर्टलंडने तो कोणालाच दिला नाही. उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या पैशांवर त्यांनी आधी हेदो तुर्कोग्लूला जवळजवळ ठरवले, तो ऐनवेळी टोरांटोला गेला. मग पॉल मिलसॅपला देकार दिला, तर त्याच्या जुन्या संघाने, युटाने, तेवढेच पैसे मोजून त्याला आपल्याकडेच ठेवले. शेवटी ३३ वर्षांचा आंद्रे मिलर आला.