किल्ली कुणाकडे आहे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या ख्मेर, म्हणजे मूळच्या कंबोडियन घरांतल्या, पोरांचा तुझा नेतृत्वाचा वर्ग. पोरं येतात, पिझ्झा खातात, माना खाली घालून बसतात आणि ‘तुमच्या स्वप्नांविषयी बोला’ म्हटलं की खांदे उडवतात. आता तू विचारतोस, मावशी, अभ्यासक्रम बदलू का? खुशाल बदल. पण हॉलची किल्ली कुणाकडे असते, ते आधी सांग.

तुझ्याकडेच असणार. पिझ्झा कुठून मागवायचा तेही तूच ठरवत असशील.

समोरच्या सतरा वर्षांच्या पोराने लहानपणापासून काय काय केलंय, विचारलंस कधी? आजीबरोबर दवाखान्यात जाऊन डॉक्टरचं इंग्रजी त्याने ख्मेरमध्ये सांगितलंय. घरमालकाची नोटीस वाचून दाखवलीय, सरकारी फॉर्म भरलेत. आजी घाबरेल म्हणून डॉक्टरचं एखादं वाक्य गाळावं की सांगावं, हे त्याने चौथीत असताना एकट्याने ठरवलंय. त्याला तू ‘निर्णयक्षमता’ नावाची स्लाइड दाखवतोस! खांदे उडवू नयेत तर काय करावं त्याने?

मी असाच कार्यक्रम चालवायचे, तेव्हाची माझीही एक हळहळ आहे. ख्मेर भाषा शिकायची राहून गेली. आज्यांशी बोलायचं झालं की मीही त्यांच्या नातवालाच मध्ये उभं करत असे. तू निदान चार वाक्यं शीक.

त्यांच्या गप्प बसण्याला लाजाळूपणा म्हणू नकोस. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत उपासमार, आजारपण, वेठबिगारी आणि कत्तली यांत सुमारे सतरा लाख माणसं गेली. नुसतं शिकलेलं दिसणंही जिवावर बेतायचं. तिथून जी निसटली ती थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांमध्ये राहिली आणि १९८०च्या निर्वासित कायद्यानंतर मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. तोंड उघडलं नाही म्हणून जगलेली माणसं ती. त्यांच्या घरात वाढलेली पोरं परक्या माणसासमोर स्वप्नं मांडतील, अशी अपेक्षाच कशी केलीस?

आणि तुझा तो नोंदणीचा फॉर्म! घरातल्या सगळ्यांची नावं आणि जन्मस्थळं मागणारा रकाना आजच काढ. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांना जुन्या गुन्ह्यांपायीसुद्धा देशाबाहेर काढणं सोपं केलं. २००२ मध्ये कंबोडियाने माणसं परत घ्यायचा करार केला. थायलंडच्या छावणीत जन्मलेले, कंबोडिया कधी डोळ्यांनी न पाहिलेले बाप आणि काका नोम पेन्हच्या विमानात बसवले गेले. त्या घरात कोरा फॉर्म गेला की काय होतं, याचा विचार कर. तिसऱ्या आठवड्यापासून दोघं यायचे का थांबले, याचं उत्तर कदाचित तिथेच असेल.

तू स्वतःला त्यांच्यासारखाच ‘एशियन’ म्हणवतोस, ते मात्र जरा जपून. त्या एका चौकटीत आपल्या इंजिनिअरांच्या पगारांनी सरासरी वर जाते आणि तिथल्या कंबोडियन वस्तीतल्या, अनाहाइम स्ट्रीटमागच्या घरांची ओढाताण तिच्याखाली दडून जाते. तुझ्या पोरांना हे तुझ्याआधी कळलेलं असणार.

तर किल्ली दे. तुझ्या बाबांना सोळाव्या वर्षी मंडळाने गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक दिलं होतं. ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ यावर व्याख्यान नव्हतं दिलं. हिशेब चुकला तर सगळ्यांसमोर उभं राहावं लागे, म्हणून चुकत नसे. खाण्याचे पैसे पोरांच्या हातात दे. सत्र कशावर घ्यायचं ते त्यांना ठरवू दे. देणगीदारांबरोबर बैठक असेल तेव्हा तू मागच्या खुर्चीवर बस. तुझ्याच शहरात ‘ख्मेर गर्ल्स इन ॲक्शन’च्या पोरांनी आपल्या वस्तीतल्या तरुणांचं सर्वेक्षण स्वतः केलं. त्या मुलींच्या संघटनेने पुढे मुलांसाठीही वर्ग काढला. जा, भेट त्यांना. मला काय विचारत बसलायस!

हो, किल्ली दिली की वस्तू हरवतात. माझ्या वेळी ध्वनियंत्रणा गेली. विश्वस्त म्हणाले, किल्ली परत घ्या. मी घेतली नाही. पुढच्या वर्षी पैसे थांबले आणि कार्यक्रम बंद पडला. मावशीच्या हट्टापायी बुडाला, असं अजून बोलतात म्हणे. बोलू देत. ते यंत्र कुणी नेलं हे पोरांनी स्वतः शोधून काढलं, बैठक घेतली, पैसे जमवून भरपाई केली. त्यांच्यावर ओरडायला कुणी आलं नव्हतं. किल्ली काढून घेतली असती, तर उरलेलं वर्ष पोरं पुन्हा पिझ्झा खात बसली असती आणि माझा अहवाल मात्र सुरेख झाला असता. विश्वस्तांना तेव्हा हे पटलं नाही, आजही पटणार नाही.

तुला ते पटावं अशी माझी इच्छा आहे, बाकी तुझी मर्जी. चिडलायस का? चीड. पण या शनिवारी हॉल उघडायला तू जाऊ नकोस. आणि किल्लीची दुसरी प्रत स्वतःच्या खिशात ठेवणार असशील, तर ते देणं नव्हे. तुझ्या वरिष्ठांना काय सांगायचं ते सुचत नसेल तर मला फोन कर, पत्राचा मसुदा मी करून देते.

तुझी,
मावशी