‘दोन हजार शंभर’ की ‘दोन हजार एकशे’?

२,१०० रुपये ही रक्कम अक्षरांत लिहिताना ‘दोन हजार शंभर’ असे लिहावे, ‘दोन हजार एकशे’ असे, की बोलण्यात येते तसे ‘एकवीसशे’ असे, हा प्रश्न आहे. माझ्या मते धनादेश, पावती वा करारात ‘दोन हजार शंभर रुपये फक्त’ हेच लिहावे. ‘दोन हजार एकशे’ लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातून कोणाचा गैरसमज होईल असेही नाही. तरीही ते रूप अर्धवट वाटते.

नुसती शंभर ही संख्या सांगायची असेल तर मराठीत ‘शंभर’ म्हणतात, आणि तिच्यापुढे आणखी आकडा यायचा असेल तर ‘एकशे’. एकशे एक, एकशे पंचवीस, एकशे नव्याण्णव ही रूपे सर्वांच्या तोंडी आहेत, पण ‘एकशे रुपये’ असे कोणी म्हणत नाही. नोटेवरच्या भाषापट्टीतही मराठीत ‘शंभर रुपये’ असेच छापलेले असते. मागे हजार किंवा लाख आल्याने यात काही बदलण्याचे कारण नाही, म्हणून ‘एक लाख शंभर’, पण ‘एक लाख एकशे पाच’. दोनशेपासून पुढे हा भेद उरत नाही, कारण ‘दोनशे’ एकटेही येते आणि ‘दोनशे पाच’ मध्येही येते.

या भेदाचा व्यवहारात उपयोगही आहे. ‘एकशे’ ऐकताच पुढच्या आकड्याची वाट पाहिली जाते, आणि कागदावर पुढे जागा राहिली तर तिथे ‘नव्वद’ सहज बसू शकते. ‘शंभर’ मात्र संख्या तिथेच संपवते. इतर संख्यांना ही सोय नसल्यामुळे शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहावे लागते. जुन्या हुंड्यांत, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या सावकारी चिठ्ठ्यांत तर मूळ रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही अक्षरांत लिहिण्याची रीत होती. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते, तेव्हा ही काळजी अनाठायी नाही.

‘शंभर’च्या पुढे ‘एक’ आलेच तर अर्थ वेगळाच होतो. ‘शंभरएक माणसे’ म्हणजे सुमारे शंभर, आणि ‘एकशे एक माणसे’ म्हणजे नेमकी तेवढी. ‘दोनशे एक’ मात्र दोन्ही अर्थांनी ऐकू येते. बोलताना आघाताने उलगडा होतो, लिहिताना अंदाज सांगायचा असेल तर ‘दोनशेएक’ असे जोडून लिहिणे बरे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील, ‘एकवीस’, ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा संख्यावाचनावरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात बराच वाद झाला. मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण ‘वीसएक’ हा अंदाजाचा प्रयोग भाषेत आधीपासून रुळलेला आहे, ही अडचण उरतेच. अक्षरी रकमेत तरी ‘त्रेसष्ट’ला पर्याय नाही.

‘एकवीसशे’ हे अस्सल मराठी रूप आहे, आणि सनांच्या बाबतीत तर ‘एकोणीसशे सत्तेचाळीस’ हेच रूढ आहे. तरी २,१०० हा अंक आपण हजाराच्या स्थानी स्वल्पविराम देऊन लिहितो, त्यामुळे अक्षरांतही हजार वेगळे दिसलेले चांगले, म्हणजे अंक आणि अक्षरे एका नजरेत ताडून पाहता येतात. सव्वाशे, दीड हजार, अडीच लाख हे शब्द याच कारणाने बोलण्यात आणि ललित लेखनात ठेवावेत. (जाता जाता: ‘दीड रुपया’ एकवचनी आणि ‘अडीच रुपये’ अनेकवचनी, ‘दीड रुपये’ कानाला खटकते.)

‘शे’ आधीच्या संख्येला जोडूनच लिहावे: ‘पाचशे’, ‘पाच शे’ नव्हे. जुन्या छपाईत दिसणारा ‘पांचशें’मधील अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनंतर गेला. ‘आणि’ संख्येच्या पोटात घालू नये, तो रुपये आणि पैसे यांच्यामध्येच यावा, म्हणजे २,१००.५० ही रक्कम ‘दोन हजार शंभर रुपये आणि पन्नास पैसे फक्त’ अशी लिहावी.