वीस मिनिटं आणि काचेची नळी

प्रश्न : भातलावणीत भावाला साप चावला. सरकारी रुग्णालयात रक्त नळीत ठेवून २० मिनिटं नुसतं बसवलं. लस लगेच का दिली नाही?
– एक वाचक, पेठ (जि. नाशिक)

उत्तर : ती २० मिनिटं हीच तपासणी. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त अजिबात न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरपी करतात. रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, बहुधा घोणस किंवा फुरश्याचं. मग प्रतिविषाच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या लशीच्या, ८ ते १० कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल फसतो. रक्त गोठलं तरी घरी सोडत नाहीत, चाचणी पुन्हा होते. मण्यारीच्या दंशात मात्र रक्त गोठतंच. तिथे पापण्या मिटू लागल्या का, हे बघायचं. उगाच प्रतिविष देत नाहीत, त्याची रिॲक्शनही जिवावर बेतू शकते.