आयडीएल (डेटा विश्लेषणाची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅमची सेव्ह फाइल बनवताना 'रिझॉल्व्ह ऑल' (लागणारी सगळी रुटीन्स, म्हणजे फंक्शन्स आणि प्रोसीजर्स, शोधून कंपाइल करणारी आज्ञा) एकाच रुटीनवर अडकतं, काय करू?

आधी ते नाव नीट वाचा. बऱ्याचदा ते रुटीन नसतंच, तुमचाच अ‍ॅरे असतो! समजा फ्लक्स(आय) असं गोल कंसात लिहिलंय आणि फ्लक्स हा अ‍ॅरे रिस्टोअरने (सेव्ह केलेला डेटा परत मेमरीत आणणारी आज्ञा) आणलाय, म्हणजे कंपाइल होताना आयडीएलला तो व्हेरिएबल म्हणून दिसतच नाही, मग तो फंक्शन समजून शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणून ओरडतो. चौकोनी कंस आवृत्ती ५.० पासून आहेत, तेच वापरा, आणि प्रत्येक रुटीनच्या सुरुवातीला कंपाइल ऑप्ट स्ट्रिक्टअ‍ॅर टाका, म्हणजे गोल कंस फक्त फंक्शनसाठीच धरले जातात. माझे दोन दिवस गेले होते यात, म्हणून एवढं सांगतोय.

खरंच रुटीन असेल तर पाथ (आयडीएल ज्या फोल्डरांत फाइल शोधतं ती यादी) बघा, आणि लिनक्सवर असाल तर फाइलचं नाव लहान अक्षरात आहे ना तेही बघा. कोडच्या कधीच न चालणाऱ्या फांदीतलं जुनं रुटीन असेल तर कंटिन्यू ऑन एरर देऊन पुढे जा, पण न सापडलेल्या रुटीन्सची यादी वाचल्याशिवाय नको.

खरी भीती उलट्या बाजूची आहे. कॉल प्रोसीजरला (नावावरून रुटीन चालवणारी आज्ञा) नाव स्ट्रिंगमध्ये दिलेलं असेल किंवा ऑब्जेक्टचा क्लास असेल तर ते रिझॉल्व्ह ऑलला कळतच नाही, सगळं गुपचूप पास होतं आणि समोरच्याच्या मशीनवर फुटतं. क्लासची नावं रिझॉल्व्ह ऑलच्या क्लास कीवर्डमध्ये द्या, स्ट्रिंगमधली रुटीन्स स्वतः कंपाइल करा. आणि हे सगळं सेशन पूर्ण रीसेट करून मगच, नाहीतर सकाळपासून मेमरीत पडलेली चाचणीची रुटीन्सही त्याच फाइलमध्ये जातात.