उबंटू अपडेट केल्यावर स्क्रीन काळी राहते, वायफायही गेलं. फॉरमॅट करावं का?

नको. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुम्ही पेनड्राइव्ह शोधायला उठणार नाही.

तुम्ही लिहिलंय ते असं: उबंटू 22.04 (लिनक्सचाच एक प्रकार), एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉप, रात्री अपडेट लावलं, सकाळी लोगो येऊन पुढे स्क्रीन काळी. एकदा कशीबशी आत गेलात तर वायफाय गायब. आणि ओळखीचे एक जण म्हणाले, "फॉरमॅट मारून नव्याने टाक, अर्ध्या तासाचं काम." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्या घरात हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे.

अपडेटमध्ये नवं कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, आलं तरी जुनं लगेच पुसलं जात नाही, ते डिस्कवरच असतं. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसचं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा). एस्केप एकदाच हं, सारखं बडवत बसलात तर ग्रबच्या (मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम) काळ्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल. मग तिथे नॉर्मल असं टाइप करून एंटर मारायचं. मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये शिरा. पहिली ओळ नव्या कर्नलची, दुसरी त्याच्याच रिकव्हरीची, तिसरी बहुधा मागच्या कर्नलची. ती निवडा. स्क्रीन आली, वायफाय आलं, तर तुमचं मशीन धडधाकट आहे आणि भांडण फक्त नवं कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यात आहे.

आता माझं सांगते. मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, लिनक्सवर. धाकट्या दिरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस लाखमोलाचा, पण त्यांच्याकडे गेलेलं मशीन, अगदी स्पीकर वाजत नाही म्हणून गेलेलं असलं तरी, फॉरमॅट होऊनच बाहेर येतं. आणि माझं लिनक्स म्हणजे त्यांच्या मते घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.

2024चा जानेवारी, संक्रांतीचे दिवस. पौष लागलेला, म्हणून शूटिंग नव्हतं, पण मार्गशीर्षातल्या लग्नांचे व्हिडिओ द्यायचे बाकी होते आणि एका नवरीच्या वडिलांचे दिवसाआड फोन. त्याच आठवड्यात 22.04च्या एचडब्ल्यूई मालिकेत (नव्या हार्डवेअरसाठी नवी कर्नल देणारी) 6.2 जाऊन 6.5 कर्नल आलं. रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी. भाऊजी तिळगूळ द्यायला आलेच होते. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "वहिनी, उठा. मारतो फॉरमॅट." फुटेजची दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर होती हे खरं. पण कापाकापी, कलर, आवाजाचं जुळवणं, सगळं होम फोल्डरमध्ये. मी उठले नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबलं. नुसती अक्षरांची स्क्रीन आली, लॉगिन केलं. म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त चित्र नव्हतं. डीकेएमएस, म्हणजे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारा प्रोग्राम, त्याचं स्टेटस पाहिलं: जुन्या कर्नलपुढे ड्रायव्हर इन्स्टॉल्ड, नव्यापुढे ओळच नाही. इथेच अर्धं निदान झालं. ग्राफिक्सचा हा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो तुमच्याच मशीनवर नव्याने बांधला जातो, माप बदललं की ब्लाउज पुन्हा शिवावा लागतो तसा. 2022मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या मोड्यूलचा (कर्नलला जोडला जाणारा भाग) सोर्स खुला केला, तरी हे बांधणं काही सुटलेलं नाही. बांधताना काही अडलं तरी अपडेट बऱ्याचदा पूर्ण झाल्यासारखं दिसतं, कुठेतरी वर एक ओळ येऊन जाते आणि ती कोणी वाचत नाही.

ती ओळ व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरमध्ये ड्रायव्हरच्या नावाखाली, बिल्ड फोल्डरातल्या मेक डॉट लॉगमध्ये असते. मी ती फाइल उघडली आणि शेवटाकडून वर वाचत गेले. "अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन", आणि पुढे एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट. भाऊजी मागून म्हणाले, "हे काय आता, मंत्र?" मंत्र कसला! तो पर्याय जीसीसीच्या, म्हणजे सोर्सपासून ड्रायव्हर बांधणाऱ्या कंपायलरच्या, 12व्या आवृत्तीपासून आहे. नवं कर्नल 12ने बांधलेलं, आणि 22.04चा नेहमीचा कंपायलर 11. ड्रायव्हर 11ने बांधायला घेतला, त्याला तो पर्यायच माहीत नाही, काम तिथेच थांबलं. जीसीसी 12 टाकलं, बांधणीला तेच वापरायला लावलं, डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल नव्या कर्नलसाठी चालवलं, रीस्टार्ट. चित्र आलं. चहा अजून कपातच होता.

भाऊजींनी पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि जे म्हणाले ते आजही प्रत्येक सणाला म्हणतात: "वहिनी, त्या दिवशी तुमचं नशीब चांगलं होतं." नशीब नव्हतं हो, लॉग होता!

तुमचं कारण हेच असेल असं नाही. पण जागा त्याच. जुन्या कर्नलवर या आणि डीकेएमएस स्टेटस बघा. नव्या कर्नलपुढे ड्रायव्हर नसेल तर आधी त्या कर्नलची हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आहेत का ते पाहा. इथे एक फसगत आहे: हेडर्स टाकायची जी ओळ सगळीकडे कॉपी होत फिरते, तिच्यात यूनेम आर असतं. ते चालू कर्नलचा नंबर देतं. तुम्ही बसलाय जुन्या कर्नलवर, म्हणजे हेडर्सही जुन्याचीच येतील आणि तुम्ही म्हणाल, सगळं करून पाहिलं, फरक नाही. नव्या कर्नलचा नंबर हाताने लिहा.

ड्रायव्हर इन्स्टॉल्ड दिसतो पण चढत नाही, आणि "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं येतं, तर तो सिक्युअर बूटचा नकार, सही ओळखीची नसलेला ड्रायव्हर ते चढू देत नाही. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला होता ना? तो पुढच्या रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर द्यायचा असतो. ती स्क्रीन दहा सेकंद थांबते आणि निघून जाते, तेवढ्यात माणूस चहा आणायला गेलेला. मॉकयूटिल या कमांडने ड्रायव्हरच्या सहीची की पुन्हा नोंदवायला लावा आणि या वेळी समोर बसा, एन्रोल मॉक निवडा.

वायफायचं थोडक्यात. जुन्या कर्नलवर चालत असेल तर नव्या कर्नलचं लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज आलंय का पाहा, बरेच वायफायचे ड्रायव्हर त्यात असतात. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर बऱ्याचदा त्याचाही ड्रायव्हर डीकेएमएसनेच बांधला जातो, म्हणजे वरचीच गोष्ट पुन्हा.

फॉरमॅटवाल्यांवर माझा राग का, तर त्याने कारण कळतच नाही. नव्याने टाकलं, तेच अपडेट पुन्हा लागलं, तीच काळी स्क्रीन, आणि मग "लिनक्सच भिकार" असं गावभर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. विंडोज दुरुस्त करून करून ही सवय लागलेली असते, आणि गिऱ्हाइकालाही मशीन झटपट हातात मिळाल्याशी मतलब. त्याच्या फोल्डरात काय होतं हे दुकानदाराला कुठे माहीत? मुलाच्या बारशाचे फोटो गेल्यावर माझ्याकडे रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. भाऊजींना हे पाठवणार आहे, वाचतील न वाचतील.

बाकी काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या. कार्ड जुनं असेल, जीफोर्स 400 किंवा 500च्या काळातलं, तर त्याची 390ची ड्रायव्हर मालिका कंपनीने 2022च्या शेवटी बंद केली. नव्या कर्नलवर ती बसवत बसू नका, नूवो या खुल्या ड्रायव्हरवर काम भागवा नाहीतर जुनं कर्नल धरून ठेवा. जुनं कर्नलसुद्धा सुरू होत नसेल आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) आय-ओ एरर दिसत असतील तर डिस्क चाललेली आहे. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं उबंटू) आधी होम फोल्डर बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर ते भरलंय का तेही पाहा, भरलं की इनिट-रॅम-एफएस, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल, अर्धवट लिहिलं जातं.

आणि कोणी सांगेल की सिक्युअर बूटच बंद करून टाक. घरच्या मशीनवर मला त्यात काही गैर वाटत नाही, माझ्याकडे बंदच आहे. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, बायोसला हात त्यानंतर.