बाईकखाली हिरवे थेंब पडतात, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कुठून गळतंय हे कसं शोधायचं?

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून निम्मं काम होतं. डाग वॉटर पंपाखाली असेल, तर पंपाच्या बुडाचं बारीक भोक बघा. ते मुद्दाम दिलेलं असतं: आतलं सील झिजलं की कूलंट ऑइलमध्ये न शिरता तिथून बाहेर पडतं. ते भोक एम-सीलने अजिबात बुजवू नका, इंजिनाचं वाटोळं होईल. सीलच बदला, आणि पंपाच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चर पडली असेल तर शाफ्टही.

पंप कोरडा असेल तर होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) क्लिपांपाशी वाळलेली पापडी शोधा. बहुतेकदा क्लिप आवळून भागतं; रबर तडकलं असेल तर होज नवा घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, फार वाईट भाजतं.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पातळी घटतेय आणि ऑइल दुधाळ दिसतंय? मग हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) किंवा पंपाचं आतलं सील गेलं असावं. गाडी चालवू नका, टेम्पोतून गॅरेजला न्या.

सांडलेलं कूलंट लगेच पुसून पाण्याने धुवा. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.